उष्ण द्रावणात झिंक ऑक्साइडची विद्राव्यता मोजताना : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवता येणाऱ्या बंद पात्रात) झिंक ऑक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालायचे, भट्टीत २०० अंश सेल्सिअसला दोन दिवस ठेवायचे, मग भट्टी बंद करून दुसऱ्या दिवशी पात्र उघडायचे, द्रावण गाळायचे आणि त्यातील जस्त मोजायचे, ही पद्धत अनेक प्रयोगशाळांमध्ये रूढ आहे. तिच्यातून मिळणारा आकडा २०० अंशांवरच्या विद्राव्यतेचा नसतो. पात्र थंड होत असताना द्रावण आणि घन एकमेकांच्या सान्निध्यातच असतात आणि प्रत्येक उतरत्या तापमानाला त्यांच्यात पुन्हा देवाणघेवाण होते. जाड पोलादी पात्राला निवायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात मूळ समतोल शिल्लक राहत नाही.

ही चूक नेहमी एकाच दिशेने जात नाही, हे तिच्याबाबत अधिक त्रासाचे आहे. अल्कधर्मी द्रावणात जस्त मुख्यतः झिंकेट आयनांच्या (हायड्रॉक्साइड जोडलेल्या जस्ताच्या ऋण आयनांच्या) रूपात विरघळते आणि त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे थंड होताना अवक्षेप पडून मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आम्लधर्मी बाजूला विरघळण्याची अभिक्रिया उष्मादायी आहे, तेथे विद्राव्यता तापमानाबरोबर घटते, म्हणून थंड होताना आणखी जस्त विरघळून आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. परिणामी एकाच पद्धतीने घेतलेल्या दोन मालिका विरुद्ध दिशांना चुकतात, आणि नंतर कोणताही एक सुधारणा-गुणक लावून त्या दुरुस्त करता येत नाहीत.

पुढील सर्व टप्पे एकाच नियमाभोवती बांधलेले आहेत : घन आणि द्रावण यांना मोजणीच्या तापमानालाच वेगळे करावे, आणि थंड करणे त्यानंतर. उदाहरणासाठी ०.०१ ते ०.१ मोल प्रति किलोग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडमधील झिंक ऑक्साइड आणि १०० ते २०० अंशांची मर्यादा घेतली आहे. ही निवड सोयीसाठी आहे. तीव्र अल्कलीत हायड्रॉक्साइडचे प्रमाण आधीच नेमके ठरवता येते, त्यामुळे उच्च तापमानाला चालणाऱ्या सामू-इलेक्ट्रोडवाचून (पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवाचून) काम भागते. कॉपर ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइडसाठीही हाच क्रम चालेल, मात्र त्यांची विद्राव्यता बरीच कमी असल्याने दूषितीकरणाबाबतचे नियम अधिक कडक करावे लागतील.

## टप्पा १ : उपकरण आधी ठरवावे

नमुना काढण्याची सोय नसलेले, टेफ्लॉनचे अस्तर लावलेले बंद पोलादी पात्र हे स्फटिक तयार करण्यासाठी उत्तम असले, तरी विद्राव्यता मोजण्यासाठी ते वापरू नये. आपल्याकडे तेवढेच पात्र असेल, तर मोजणी ९० अंशांच्या आत ठेवावी, पीएफए या टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकच्या बाटल्या तेलाच्या तापस्थिर कुंडात ठेवाव्यात आणि त्याच तापमानाला तापवलेल्या सिरिंजने व ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीने नमुना घ्यावा. अशी स्वच्छ मोजणी २०० अंशांच्या चुकीच्या मोजणीपेक्षा कितीतरी उपयोगी पडते. उकळत्या पाण्याचे कुंड मात्र १०० अंशांचे समजू नये, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.

९० अंशांवरील तापमानासाठी टायटॅनियमचे पात्र घ्यावे आणि त्याला पुढील जोडण्या असाव्यात : द्रावणात बुडणारी नळी, तिच्या टोकाला टायटॅनियमची सच्छिद्र गाळणी, झाकणाजवळ पहिली झडप, तिच्यापुढे बर्फाच्या पाण्यात बुडणारे व सुटे करता येणारे नळीचे वेटोळे आणि वेटोळ्याच्या शेवटी दुसरी झडप. झाकणापासून पहिल्या झडपेपर्यंतचा भाग तापपट्टी गुंडाळून पात्राच्याच तापमानाला ठेवावा. ०.८ मिलिमीटर आतील व्यासाच्या एक मीटर नळीत सुमारे ०.५ मिलिलिटर द्रव मावतो. हा आकडा आपल्या नळीसाठी काढून वहीत लिहून ठेवावा, कारण नमुना घेताना तो लागतो.

काचेचे पात्र किंवा काचेचे अस्तर अजिबात चालणार नाही. उष्ण अल्कली काच खाते, द्रावणात सिलिकेट उतरते आणि जस्ताशी त्याची संयुगे होऊ शकतात. मग आपण झिंक ऑक्साइडची विद्राव्यता मोजत आहोत की आणखी कशाची, हे सांगता येत नाही.

सावधान : २०० अंशांना पाण्याची घनता ०.८६५ ग्रॅम प्रति मिलिलिटर एवढी उतरते, म्हणजे द्रव सुमारे १५ टक्के फुगतो. १०० मिलिलिटरच्या पात्रात ६० मिलिलिटर द्रावण घातले तर ते सुमारे ६९ मिलिलिटर होते आणि वर पुरेशी जागा उरते. त्याच पात्रात ९० मिलिलिटर घातले तर २०० अंश गाठण्यापूर्वीच पात्र द्रवाने काठोकाठ भरते आणि त्यानंतर प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. पात्र दोन-तृतीयांशापेक्षा अधिक कधीही भरू नये आणि सुरक्षा-चकतीशिवाय (दाब फार वाढल्यास स्वतः फुटून तो सोडणाऱ्या चकतीशिवाय) ते तापवू नये.

## टप्पा २ : घन पदार्थाची तयारी

वाईट निकालांचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते, आणि नेमका हाच टप्पा घाईत उरकला जातो. बाजारातून आणलेली झिंक ऑक्साइडची पूड अतिशय बारीक असते. तिच्या पृष्ठभागावर हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्यामुळे तयार झालेले कार्बोनेट असते आणि तिचे सर्वांत बारीक कण मोठ्या कणांपेक्षा अधिक विरघळतात. अशी पूड थेट वापरली, तर सुरुवातीला आकडा फार वर जातो आणि मग दिवसेंदिवस हळूहळू उतरत राहतो. ही घसरण अनेकांना समतोलाकडे जाणारी वाटचाल वाटते, पण प्रत्यक्षात बारीक कण विरघळून मोठे कण वाढत असतात आणि ही क्रिया आपल्या प्रयोगापेक्षा जास्त काळ चालू शकते.

म्हणून पुढील क्रम पाळावा. पूड प्रथम प्लॅटिनम किंवा ॲल्युमिनाच्या मुशीत ९०० अंशांना काही तास भाजावी, म्हणजे कार्बोनेट आणि पाणी निघून जाते व कण जाड होतात. थंड झाल्यावर ती गरम विआयनीकृत पाण्याने वारंवार धुवावी, प्रत्येक वेळी ढवळून काही मिनिटे थांबावे आणि वरचे गढूळ पाणी ओतून द्यावे. वरचे पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. त्यानंतर ती पूड मोजणीत वापरायच्याच द्रावणात, मोजणीच्या कमाल तापमानाला, आठवडाभर मुरवावी आणि ते द्रावण टाकून द्यावे. उरलेला घन पुढच्या सर्व मोजण्यांसाठी वापरावा आणि मधल्या काळात तो कोरडा करून हवेत उघडा ठेवू नये.

पडताळणी : तयार घनाचा क्ष-किरण विवर्तन आलेख घ्यावा. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी झिंक ऑक्साइडची मुख्य शिखरे ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ दिसतात. याखेरीज कोणतेही शिखर दिसले तर धुणे व भाजणे पुन्हा करावे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या कडा स्वच्छ दिसाव्यात आणि मोठ्या कणांना चिकटलेली भुकटी दिसू नये.

## टप्पा ३ : कार्बोनेटमुक्त द्रावण

सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे तोलून सरळ पाण्यात विरघळवू नयेत, कारण त्यांच्यावर कार्बोनेटचा थर असतो. प्रथम वजनाने निम्मे हायड्रॉक्साइड आणि निम्मे पाणी असे दाट द्रावण पॉलिथिनच्या बाटलीत करावे. त्यात सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही, काही दिवसांत ते तळाशी बसते. वरचा निवळ भाग सावकाश काढून घ्यावा. ०.१ मोल प्रति किलोग्रॅमचे द्रावण करण्यासाठी एक किलोग्रॅम पाण्याला ४.० ग्रॅम हायड्रॉक्साइड, म्हणजे या दाट द्रावणाचे ८.० ग्रॅम लागतात. पाणी आधी उकळून आरगॉनखाली थंड केलेले असावे.

द्रावणाची नेमकी तीव्रता, ११० अंशांना दोन तास वाळवलेल्या पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी अनुमापन करून ठरवावी. लेबलवरील आकड्यावर किंवा तोललेल्या वजनावर विसंबू नये. सर्व मोजमाप वजनात करावे, आकारमानात नाही. २५ अंशांना भरलेला लिटर २०० अंशांना लिटर राहत नाही, पण किलोग्रॅम किलोग्रॅमच राहतो.

०.००१ मोल प्रति किलोग्रॅमच्या खाली या पद्धतीने जाऊ नये. तेथे थोडासा कार्बन डायऑक्साइडही हायड्रॉक्साइडचा मोठा वाटा खाऊन टाकतो.

## टप्पा ४ : जस्ताचे दूषितीकरण रोखणे

जस्त प्रयोगशाळेत सर्वत्र असते आणि त्याचा सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे रबर, कारण रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत झिंक ऑक्साइडच वापरतात. रबरी हातमोजे, रबरी बुचे, सिरिंजच्या दट्ट्याचे काळे टोक आणि रबरी नळ्या यांपैकी काहीही द्रावणाला लागू देऊ नये. पावडर नसलेले व्हिनाइलचे हातमोजे आणि पूर्णपणे प्लास्टिकच्या सिरिंजा वापराव्यात. जस्तलेपित लोखंडी स्टँड आणि पितळी जोडण्याही बाजूला ठेवाव्यात, पितळात तर जस्त हा मुख्य घटकांपैकीच एक असतो.

प्लास्टिकच्या सर्व बाटल्या व कुप्या विरल नायट्रिक आम्लात किमान एक दिवस बुडवून मग विआयनीकृत पाण्याने धुवाव्यात.

पडताळणी : घन न घालता, बाकी सर्व टप्पे जसेच्या तसे पाळून, कमाल तापमानाला एक कोरी फेरी करावी. एक मायक्रोमोल प्रति किलोग्रॅम म्हणजे सुमारे ६५ मायक्रोग्रॅम जस्त प्रति किलोग्रॅम. कोऱ्या फेरीचा आकडा सर्वांत कमी अपेक्षित विद्राव्यतेच्या पाच टक्क्यांच्या वर गेला, तर स्रोत सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. कोरा आकडा वजा करून पुढे जाण्याचा मोह टाळावा, कारण दूषितीकरण दर फेरीला सारखे नसते.

## टप्पा ५ : भरणे, तापवणे आणि दाब तपासणे

पात्रात घन आणि द्रावण घालून आरगॉनने हवा बाहेर काढावी, मग वातावरणाच्या दाबालाच पात्र बंद करावे. घन पुरेसा असावा, म्हणजे मोजणी संपल्यावरही त्याचा मोठा भाग शिल्लक राहील.

ढवळण्यासाठी तळाशी फिरणारी चुंबकीय कांडी वापरू नये. ती जात्यासारखी घन दळते आणि दुसऱ्या टप्प्यात काढून टाकलेले बारीक कण पुन्हा तयार करते. वरून येणारे पाते वापरावे किंवा संपूर्ण पात्र हळू झुलवावे.

तापमानासाठी प्लॅटिनमचा रोधक तापमापक पात्राच्या आत, द्रावणाच्या उंचीला ठेवावा. भट्टीच्या भिंतीवरचा आकडा द्रावणाचा नसतो. सामान्य के-प्रकारच्या तापयुग्माची मान्य चूकच २ अंशांहून अधिक असते.

पडताळणी : पाण्याचा बाष्पदाब १५० अंशांना ४.७६ बार आणि २०० अंशांना १५.५ बार असतो. आत अडकलेला आरगॉन तापून आणि द्रव फुगल्यामुळे दाबला जाऊन २०० अंशांना सुमारे २ बारांची भर घालतो. वातावरणाचा १ बार वजा केल्यावर दाबमापकावर १६ ते १७ बार दिसायला हवेत. यापेक्षा बरेच कमी दिसले तर तापमान चुकलेले आहे किंवा पात्र गळते आहे. बरेच जास्त दिसले तर ताबडतोब तापवणे थांबवावे.

## टप्पा ६ : समतोल दोन्ही बाजूंनी गाठणे

आकडा स्थिर झाला म्हणजे समतोल आला, हे गृहीत धरू नये. विरघळण्याचा वेग फार मंदावला तरीही आकडा स्थिर दिसतो. खात्री करून घेण्याचा मार्ग एकच आहे : त्याच तापमानाला एकदा खालून आणि एकदा वरून पोहोचावे. १५० अंशांची मोजणी असेल, तर पहिल्या फेरीत खोलीच्या तापमानावरून १५० ला जावे आणि पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी नमुने घ्यावेत. दुसऱ्या फेरीत आधी २०० अंशांना समतोल साधावा, मग १५० पर्यंत उतरून तसेच नमुने घ्यावेत. अल्कधर्मी द्रावणात विद्राव्यता तापमानाबरोबर वाढत असल्याने दुसऱ्या फेरीत जादा जस्त घनावर परत बसावे लागते. दोन्ही फेऱ्यांचे शेवटचे आकडे विश्लेषणाच्या चुकीच्या मर्यादेत जुळले, तरच तो आकडा स्वीकारावा.

जुळले नाहीत आणि वरून आलेला आकडा जास्तच राहिला, तर मंद अवक्षेपण किंवा गाळणीतून सुटणारे कण यांपैकी एक कारण असते. पुढचा नमुना अधिक बारीक गाळणीने घेऊन पाहावे. आकडा उतरला तर दोष कणांचा आहे, नाही तर वेळ वाढवावा.

## टप्पा ७ : नमुना काढणे

या टप्प्याचा क्रम कोणत्याही कारणाने बदलू नये. २०० अंशांचे द्रावण झडपेतून थेट हवेत सोडले, तर त्यातील सुमारे एक-पंचमांश पाणी तत्क्षणी वाफ होऊन उडते आणि उरलेल्या नमुन्यात जस्ताचे प्रमाण त्याच मानाने फुगते. वेटोळे आणि दुसरी झडप याचसाठी आहेत.

१. नमुन्यापूर्वी एक तास ढवळणे बंद करावे, म्हणजे निलंबित कण खाली बसतील. तापमान मात्र तसेच धरून ठेवावे.

२. दुसरी झडप बंद ठेवून पहिली सावकाश उघडावी. वेटोळ्यात शिरताना जी वाफ होईल ती तेथेच थंड होऊन पुन्हा पाणी होते, बाहेर काहीही जात नाही.

३. दुसरी झडप अगदी थोडी उघडून वेटोळ्याच्या आकारमानाच्या तिप्पट द्रव थेंबाथेंबाने बाहेर काढून टाकून द्यावा. बाहेर येणारा थेंब हाताला थंड वाटायला हवा अशी परीक्षा काहीजण करतात, ती करू नये, कारण तो थेंब अल्कलीचा आहे. नळीवर बाहेरून बांधलेला तापमापक पाहावा.

४. पहिली झडप बंद करावी, दुसरी पूर्ण उघडून दाब शून्यावर आणावा, वेटोळे सोडवून विरल नायट्रिक आम्लाने व नंतर पाण्याने धुवावे, नायट्रोजनने कोरडे करावे आणि परत जोडावे. टाकून दिलेल्या द्रवातून वेटोळ्यात बसलेला अवक्षेप राहिला, तर तो पुढच्या नमुन्यात मोजला जातो. त्यामुळे हे पाऊल कंटाळवाणे असले तरी वगळता येत नाही.

५. आधी तोललेल्या कुपीत ५ टक्के नायट्रिक आम्लाचे सुमारे २ ग्रॅम घेऊन पुन्हा तोलावे. दुसऱ्या व तिसऱ्या पावलाप्रमाणे झडपा उघडून, यावेळी काहीही न टाकता, सुमारे ३ ग्रॅम नमुना या आम्लात उतरवावा. पहिली झडप बंद करून वेटोळ्यातील उरलेला द्रव नायट्रोजनने कुपीत ढकलावा आणि कुपी तोलावी. हे नमुन्याचे वजन.

६. मगच वेटोळे विरल आम्लाने धुऊन ते धुवण त्याच कुपीत मिळवावे आणि पुन्हा तोलावे. थंड होताना नळीच्या आत बसलेले जस्त असे परत मिळते. आधी धुवण मिळवून मग तोलले, तर नमुन्याचे वजन कायमचे हरवते, आणि हा गोंधळ विद्यार्थ्यांकडून फार वेळा होतो.

सावधान : कुपीतील आम्ल नमुन्यातील अल्कलीला पुरून उरले पाहिजे. ०.१ मोलच्या ३ ग्रॅम द्रावणात ०.३ मिलिमोल हायड्रॉक्साइड असते आणि ५ टक्के आम्लाच्या २ ग्रॅममध्ये सुमारे १.६ मिलिमोल आम्ल, म्हणजे शिलकीचे आम्ल भरपूर उरते. नमुना मोठा घेतला तर आम्लही त्या प्रमाणात वाढवावे.

एका भरणीतून एकूण एक-तृतीयांशाहून अधिक द्रावण काढू नये.

## टप्पा ८ : विश्लेषण आणि गणित

जस्त अणुशोषण वर्णपटमापकावर २१३.९ नॅनोमीटरला चांगले मोजता येते. तुलनेची मानक द्रावणे साध्या पाण्यात करू नयेत, नमुन्याइतकेच सोडियम आणि नायट्रिक आम्ल त्यांच्यातही असावे.

समजा, ३.१२० ग्रॅम नमुना धुवणासह २५.०० ग्रॅमपर्यंत वाढवला आणि त्यात ०.८५० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम जस्त आढळले. मग एकूण जस्त २१.२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मूळ द्रावणात ६.८१ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम, आणि ६५.३८ ने भागल्यावर १.०४ × १०⁻⁴ मोल प्रति किलोग्रॅम.

यानंतर हायड्रॉक्साइडची दुरुस्ती करावी. ६० मिलिलिटरच्या आपल्या उदाहरणात २०० अंशांना सुमारे ०.२४ ग्रॅम पाणी वाफेत असते, त्यामुळे द्रावण ०.४ टक्के दाट होते. ही दुरुस्ती लहान आहे, पण पात्र कमी भरले तर ती पटकन वाढते. दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची : जस्ताचा प्रत्येक अणू झिंकेट होताना एक किंवा दोन हायड्रॉक्साइड बांधून घेतो, ते एकूण हायड्रॉक्साइडमधून वजा करावेत. क्रियाशीलता गुणांक (आयनांची परिणामकारक तीव्रता प्रत्यक्ष तीव्रतेच्या किती पट आहे ते) काढताना डिबाय-ह्यूकेल समीकरणातील स्थिरांक २५ अंशांचा ०.५१ वापरण्याची चूक वारंवार दिसते, २०० अंशांना तो सुमारे ०.८१ असतो.

पडताळणी : मुक्त हायड्रॉक्साइडचा लॉगॅरिथम आडव्या अक्षावर आणि जस्ताचा उभ्या अक्षावर मांडावा. उतार १ च्या जवळ असेल तर तीन हायड्रॉक्साइड असलेला झिंकेट प्रबळ आहे, २ च्या जवळ असेल तर चार असलेला. विरल टोकाला उतार शून्याकडे झुकला तर प्रभारहीन रूप पुढे येत आहे, मात्र तेथे आधी कोऱ्या फेरीचा आकडा पुन्हा पाहावा, कारण दूषितीकरणही आलेख असाच सपाट करते. उतार २ च्या वर गेला तर त्यातून नवा आयन शोधून काढण्याची घाई करू नये. बहुधा दाट टोकाच्या नमुन्यांत कण गाळणीतून सुटलेले असतात.

## टप्पा ९ : घनाची पुन्हा तपासणी

मोजणी संपल्यावर पात्र थंड झाले की घन लगेच बाहेर काढून, थोड्या पाण्याने धुऊन त्याचा विवर्तन आलेख पुन्हा घ्यावा. तो थंड द्रावणात रात्रभर पडून राहू देऊ नये, कारण कमी तापमानाला त्यावर जस्ताचे हायड्रॉक्साइड बसू शकते आणि उच्च तापमानाला घन बदलला होता असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आलेखांत फरक आढळला आणि तो थंड होतानाचा नाही अशी खात्री पटली, तर त्या भरणीतील सर्व नमुने बाद धरावेत, त्यांतील काही आकडे अपेक्षेप्रमाणे आले असले तरीही.